मयत नसलेल्या घरातलं पीठ

आमचे वडील मेल्यावर घूस झाले, ही बातमी जिल्हाभर पसरली तेव्हा तिच्या पुराव्याला माझ्याच यंत्राचा छापील अहवाल होता. वजन आठशे दहा ग्रॅम, मागच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं, चाल सावध. शेवटचे दोन शब्द वाचून मला तिथंच कळलं की यात घोळ आहे. माणिकराव टेंकाळे गुरुजी जन्मात कधी सावध चालले नाहीत. ते चालायला लागले की बाकीचे सावध व्हायचे.

मी हर्षदा टेंकाळे. बार्शीच्या धान्य साठवण केंद्रात किडींवर काम करते, वीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, त्याचा दोष लोक किड्यांना देतात, देऊ देत. गोदामात कीड कुठली आणि किती, हे कळायला पूर्वी पोती फोडावी लागत. मी एक युक्ती काढली. पोत्यांमधल्या बोळात पिठाचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर अगदी जमिनीलगतून तिरपा उजेड टाकायचा. मावळतीच्या उन्हात ढेकळाचीसुद्धा लांब सावली पडते, तसा त्या उजेडात पिठाचा एकेक कण सावली टाकतो. वरून कुणी चालत गेलं की कण हलतात आणि सावल्या बदलतात. सावलीवरून पावलाची खोली कळते, खोलीवरून वजन, आणि दोन पावलांतल्या अंतरावरून चाल. चार लाख माग शिकवल्यावर यंत्र चार सेकंदांत सांगायला लागलं की रात्रीतून इथून सोंडे गेले, सत्तावीस, घाईत होते.

एवढंच होतं ते. गव्हाचं भलं करायला निघाले होते मी.

पण आपल्याकडे पिठाचा आणखी एक उपयोग आहे. घरात मयत झालं की जिथं देह ठेवला होता तिथं पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहायचं, कुणाचं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल, तो मेलेल्याचा पुढचा जन्म. पूर्वी हे पाऊल घरातली म्हातारी माणसं वाचायची आणि त्यांना नेहमी गाय दिसायची. फार तर मोर. माझ्या आठवणीत आमच्या आळीत एकही माणूस किडा झाला नाही. आता एकट्या बार्शीच्या आडतीत एका पावसाळ्यात जितके सोंडे जन्मतात, तितकी माणसं पृथ्वी झाल्यापासून मेली नसतील. मग हे सोंडे मागल्या जन्मी कोण होते? सोंडेच असणार. मग माणसालाच तेवढी गाईची बढती कुठल्या नियमानं मिळते? ही शंका मी दहाव्या वर्षी काढली होती आणि गुरुजींनी तिचं उत्तर हातानं दिलं होतं.

२०३९ साली 'गतिवेध' नावाच्या कंपनीनं आमच्या केंद्राकडून यंत्राचे हक्क घेतले. संचालकांनी सही केली आणि मला पुष्पगुच्छ दिला. तीन वर्षांत राज्यात असं गाव उरलं नाही जिथं मयताच्या दुसऱ्या दिवशी गतिवेधचा माणूस पेटी घेऊन येत नव्हता. यंत्राला गाय-मोराचं प्रेम नव्हतं. त्यानं झुरळं काढली, पाली काढल्या, मुंग्या तर शेकड्यानं. स्थळ बघायला आलेले पाहुणे मुलीच्या आजोबांची योनी विचारायला लागले. एका नगरसेवकाच्या पिठात पाल निघाली, तर विरोधकांनी निवडणूकभर पालीची चित्रं वाटली. लोक चिडले तसा कंपनीनं 'कीटक वगळून' असा पर्याय काढला. मी ओरडून सांगत होते की यंत्राला उत्तरांची यादी दिली की ते यादीतलंच उत्तर देतं. त्यातून किडे काढून टाकलेत तर पाकोळीचा मोर होणार. तसंच झालं. मोरांची संख्या एका वर्षात नऊपट वाढली, जंगलात नव्हे, अहवालांत.

खरी चूक त्याहून साधी होती. औषधानं ताप उतरला असं म्हणायचं असेल, तर औषध न दिलेल्याचा ताप उतरतो का तेही पाहावं लागतं. मयताच्या घरातल्या पिठात पाऊल उमटतं म्हणता, मग मयत नसलेल्या घरातही पीठ पसरून बघा. तिथंही तीच मुंगी आली, तर मुंगी मुंगीच आहे. हे मी सह्या व्हायच्या बैठकीतच बोलले होते. संचालक म्हणाले, "मॅडम, कुणाच्या घरी करायचा हा प्रयोग?" आणि पुढचा विषय घेतला. कारण मयत नसताना पीठ पसरून दिवा लावणं म्हणजे मरणाला निमंत्रण. केंद्रातल्या शिपायापासून गणिताच्या डॉक्टरपर्यंत कुणी आपलं घर द्यायला तयार नव्हतं. लाखो अहवाल निघाले, पण उलटा प्रयोग एकदाही झाला नाही. दुसऱ्यांना का नावं ठेवू? मीसुद्धा माझ्या फ्लॅटमध्ये दोनदा पीठ चाळलं आणि दोन्ही वेळा त्याचे फुलके करून खाल्ले.

माघात गुरुजी गेले. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. वैरागच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, त्यामुळे अंत्ययात्रेला बॅंड होता. माझा थोरला भाऊ बालाजी सोलापुरात राहतो आणि गतिवेधचा जिल्हा प्रतिनिधी आहे. वडिलांचं पीठ त्यानं स्वतः वाचलं, यादी न छाटता. त्याचा या सगळ्यावर खरंच विश्वास आहे, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. घूस निघाल्यावर त्यानं अहवाल दोनदा छापून पाहिला आणि मग म्हणाला, "मूषक. गणपतीचं वाहन झाले आण्णा."

झालं. दर संकष्टीला तो सोलापूरहून एकवीस मोदक घेऊन वैरागला यायचा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या बिळापुढे ठेवून हात जोडायचा. घूस आधी संडासामागे होती, ती आता घरात नांदायला लागली. आई तिला रोज शिळी भाकरी टाकायची. मी मनात म्हटलं, सत्तरीच्या बाईनं नवरा मेल्यावरही सुटू नये, ही कसली पतिव्रता. मोदक मात्र आई स्वतःच खायची, तेव्हा मला वाटलं, तिला गोड आवडतं.

आषाढात आईला ताप भरला. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. बार्शीच्या डॉक्टरांनी नऊ दिवसांनी मला बाजूला घेतलं. "घुशीच्या मुतातून येतो हा ताप. यांच्या टाचांना केवढ्या भेगा आहेत, तिथून शिरतो. या वेळी मूत्रपिंडं वाचली. पुन्हा झाला तर मी काही सांगू शकत नाही."

मी भावाला फोन केला.

"दादा, घूस मारायची आहे."

"बाप आहे तो आपला."

"आठशे ग्रॅमचा?"

"तोंड सांभाळ, हर्षा. जित्या बापाशी पटलं नाही तुझं, आता मेलेल्यावर उट्टं काढतेस."

"आईला परत ताप आला तर दवाखान्यात तू बसणार आहेस का?"

"आण्णांचा आशीर्वाद आहे तिच्यावर."

"आशीर्वाद नाही तो, मूत आहे. टाचेतून आत जातं."

त्यानं फोन ठेवला. मी रजा टाकली, गाडीत घुशीचं औषध, एक मोठा पिंजरा आणि माझं जुनं यंत्र घातलं आणि वैरागला गेले.

आई ओट्याशी बसून घुशीसाठी भाकरीचे तुकडे करत होती. मोजून चार. औषधाचा डबा बघितल्यावर ती बिळापुढे आडवी बसली.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"आई, मरशील तू."

"मरू दे. ह्यांना हात लावायचा न्हाई."

तापातून उठलेली, चाळीस किलोची बाई. ओढून बाजूला करता आली असती. पण तिला ओढणारा एक माणूस या घरात होऊन गेला होता, मला दुसरा व्हायचं नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले.

"हे आण्णा नाहीत असं दाखवून दिलं तर?"

"कसं दावशील?"

"आज बाहेरच्या खोलीत, आण्णांना ठेवलं होतं त्याच जागी पीठ पसरते. माझ्या नावानं."

"तू तर जिती हाईस."

"म्हणूनच. मी जिवंत असताना माझ्या पिठात दुसरं कुठलं पाऊल आलं, किंवा काहीच आलं नाही, तर मी हरले. औषध घेऊन परत जाईन, घुशीचं नाव काढणार नाही. पण तेच तुटक्या बोटाचं पाऊल आलं, तर विचार कर. एकच घूस मेलेला बाप आणि जिवंत लेक दोन्ही कशी असेल?"

चौथी शिकलेली बाई, पण मी बैठकीत ज्यांच्यापुढे डोकं फोडलं होतं त्या सगळ्यांपेक्षा तिला लवकर कळलं. ती उठली आणि फडताळातून चाळण काढून माझ्या हातात दिली. तिला खात्री होती की मी हरणार.

मी मुद्दाम भावाला फोन करून सांगितलं. मला त्याला डिवचायचं होतं, दुसरं कारण नाही. दीड तासात तो दारात उभा.

"जितेपणी स्वतःचं पीठ घालतेस?"

"हो."

"मरशील."

"तूसुद्धा मरशील. आपलं भांडण फक्त तारखेवरून आहे."

"कंपनीनं कोर्टात खेचलं तर मी मधे पडणार नाही."

"तू बिळाच्या मधे पडला नाहीस तरी खूप झालं."

पसरलेलं पीठ ओलांडायला नको म्हणून तो आत आला नाही. आईनं दिलेलं पाणीही न पिता तसाच सोलापूरला गेला. दिवेलागणीला मी माझ्या नावानं दिवा लावला. काडी दोनदा विझली. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची त्याहून जास्त लाज वाटली. वीस वर्षं विज्ञान करून माझी ही तऱ्हा, मग बालाजीला काय बोलायचं?

सकाळी टोपली कलंडलेली होती. पिठावर पावलं इतकी स्वच्छ होती की यंत्र लागलंच नसतं. तरी मी ते लावलं. घूस, आठशे चाळीस ग्रॅम, मागच्या डाव्या पायाचं एक बोट नाही. आईच्या भाकरीवर तीस ग्रॅम चढले होते. मी नाकाला हात लावून पाहिला; जिवंत होते. चार वर्षं जे कुणी करू दिलं नव्हतं ते मी माझ्या आईच्या घरात केलं होतं, आणि उत्तर माझ्या बाजूचं आलं होतं. मला ओरडावंसं वाटलं.

आई पिठाशी उकिडवी बसली. "त्येच बोट?"

"तेच."

"म्हंजे हे ते न्हाईत."

"नाहीत. आण्णा होते तेव्हाही ही घूस इथंच राहत होती."

"मग ते कुठं गेले?"

"कुठंच नाही, आई. जळले. संपले."

"म्हंजे सुटले."

मला वाटलं तिला मोक्षाचं समाधान झालं. मी मऊपणानं म्हटलं, "हो, तसं म्हण."

तिनं मान वर केली. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बावन्न वर्सं," ती म्हणाली. "आन् गेले कसे, तर दूध पिऊन, झोपेत. वर बॅंड लावून नेलं. मला वाटलं, हाय कुणीतरी बघणारं. घातलं त्यास्नी बिळात. बोट तोडलं. माझ्या हातचा शिळा तुकडा खाऊन ऱ्हायला लावलं. बालाजी म्हणाला, शांती करू, वरची योनी मिळंल. म्या न्हाई म्हणाले. तू औषध घिऊन आलीस. ती मेली असती तर ते मोकळे झाले असते, म्हणून आडवी बसले. आन् आता तू म्हणतीस त्यांचं काहीच झालं न्हाई."

मी यंत्र बंद केलं.

आण्णा शाळेत जाताना पिठाच्या डब्याचं झाकण काढून पिठावर बोटानं सही करून जायचे. संध्याकाळी आले की आधी डबा उघडायचे. सही मोडलेली दिसली, म्हणजे आईनं मागून भाकरी करून खाल्ली, की पट्टा निघायचा. मी सहा वर्षांची असताना ती सही गिरवायला शिकले. मूठभर पीठ काढायचं, डबा हलवून सपाट करायचं आणि करंगळीनं 'मा. टें.' तसंच काढायचं, शेवटचं टिंब थोडं खोल, कारण ते टिंब रागानं द्यायचे. पिठातल्या खुणा वाचणं मला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नाही. आणि इतकं सगळं वाचता येणाऱ्या मला, सहा महिने रोज मोजून चार शिळे तुकडे टाकणारी माझी आई वाचता आली नाही. तिला मी पतिव्रता समजले.

आई उठली. "मार आता," ती म्हणाली. "मला काय करायची घूस." तिचा आवाज अगदी साधा होता. ती भाकरीचं टोपलं उचलून मागच्या दाराकडे निघाली, आणि मला स्पष्ट दिसलं की ताप नाही आला तरी ही बाई आता पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरायची नाही.

"थांब, आई," मी म्हटलं. "एका प्रयोगानं काही ठरत नसतं."

ती थांबली, पण वळली नाही. "आत्ता तर म्हणालीस."

"घाईनं म्हणाले. एकदाच पाहिलंय आपण. योगायोग असू शकतो. बोट तुटलेल्या घुशी काही कमी नसतात गावात. शिवाय काल माझा हात थरथरत होता, पीठ जाड पडलं. असला एकच प्रयोग घेऊन मी बैठकीत गेले तर हाकलून देतील मला."

"किती लागतील?"

"तीस. तीस तरी."

"तीसदा तुझ्या नावानं न्हाई घालायचं पीठ."

"बालाजीच्या नावानं घालू."

आई वळली. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला मला. "आन् तवर?"

"तोवर जुना अहवाल धरून चालायचं. विज्ञानात तशीच रीत आहे."

यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मी करंगळीनं काढलं होतं, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. तिला कळलं असेल का? असेल. तिनं टोपलं खाली ठेवलं.

"पण मोकळी नाही ठेवायची," मी म्हटलं. "दुसऱ्या घुशीची पावलं मिसळली तर प्रयोग वाया जातो. पिंजऱ्यात राहील, मागं परड्यात. आणि तू हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. हे ऐकलं नाहीस तर मी आजच औषध घालीन, मग सुटले तर सुटले."

"ऐकते," आई म्हणाली.

दुपारी बारापर्यंत घूस पिंजऱ्यात होती. मी बीळ काचा आणि सिमेंटनं बुजवलं, फरशी औषधानं धुतली, पिंजरा परड्यात शेवग्याखाली नेऊन ठेवला. बालाजीला कळवलं की आण्णा सुखरूप आहेत आणि यापुढे मोदक आणू नयेत, प्रयोगात बाधा येते.

चारच्या सुमाराला आई बाहेर आली. पायात माझे गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. तिनं पिंजऱ्यापुढे पाट मांडला आणि बसली. घूस तार कुरतडत होती. आईनं पदराखालून शिळ्या भाकरीचा तुकडा काढला आणि पिंजऱ्यापासून हातभर लांब, वास येईल पण तोंड पोचणार नाही असा, जमिनीवर ठेवला. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी तिच्या तोंडून ते जन्मात ऐकलं नव्हतं. हे म्हणायची, ते म्हणायची, मार खातानाही अहो म्हणायची.

तिनं इकडे तिकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे वाकली.

"काय रे, माणक्या," ती म्हणाली. "भूक लागली?"